युक्तिवादातली चूक आणि आक्काचा खोकला

मी मुळातलीच भित्री. कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणारी, अवेळी फोन वाजला की उचलण्याआधी खुर्ची शोधणारी. आमचे हे होते तोवर म्हणायचे, तुला भ्यायला कारण लागत नाही, जरा सवड मिळाली की पुरे. अशा बाईनं निवृत्तीनंतर भजनी मंडळ धरावं, फार तर लोणची घालावीत. मी मात्र लोकांच्या बोलण्यातल्या चुका शोधून त्यांना नावं द्यायचं काम धरलं. बेळगावात कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी रीझनिंग शिकवते.

शहापुरात एका साडीच्या दुकानावर आमचा क्लास आहे. खाली गिऱ्हाईक साड्या उलगडून बघतं, वर आम्ही वाक्यं. मागच्या गल्लीत अजून थोडे माग चालतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवल्या की त्यांच्या खटखटीवर आवाज चढवून शिकवावं लागतं.

हे काम नेमकं काय, असं पुष्कळजण विचारतात. परीक्षेत एक छोटा उतारा असतो. त्यात कुणीतरी काहीतरी ठासून सांगत असतं. अमुक घडलं, तमुक घडलं, म्हणून असं असं आहे. खाली प्रश्न येतो की या युक्तिवादातली चूक कोणत्या प्रकारची? आणि चार पर्याय, चारही साळसूद चेहऱ्याचे. उताऱ्यातलं म्हणणं खरं की खोटं, हे कुणी विचारत नाही. ‘म्हणून’ या शब्दाच्या अलीकडून पलीकडे जाताना माणूस कुठे घसरला तेवढंच ओळखायचं आणि वेळ संपायच्या आत पुढच्या उताऱ्याकडे जायचं.

आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे मला वाटलं, उतारेच आहेत, त्यात काय अवघड. क्लासचे मालक मंजुनाथ सर माझ्या मुलाच्या वयाचे. घरात कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्यासारखंच सणसणीत. त्यांनी शिकवायला द्यायच्या आधी मलाच एक सराव पेपर सोडवायला बसवलं. एक उतारा असा होता की गावात नवा रस्ता झाला, त्यानंतर दुकानांची विक्री वाढली, म्हणून विक्री रस्त्यामुळेच वाढली. मी पर्यायांकडे बघत राहिले. मला त्यात चूकच दिसेना. रस्ता झाला की गिऱ्हाईक वाढणारच की! मी समोरच्या माणसाची बाजू घेत घेत पेपर सोडवला आणि निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली.

“टीचर,” मंजुनाथ सर पेपर बघून म्हणाले, “तुम्हाला पटलं का, ते त्यांनी विचारलंच न्हाई. रस्ता झाला त्याच वर्षी गावात आणि काय काय झालं, ते तुम्ही विचारलात का? पीक चांगलं आलं असंल, जत्रा भरली असंल.”

“पण सर, ते म्हणतात ते खरंही असेल ना?”

“असंल की. खरं असूं दे. पण त्यांनी दिल्यालं कारण पुरत न्हाई, एवढंच आपलं काम.”

पुढचे कित्येक महिने मी तो जिना भीतभीतच चढत होते. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा चपळ. एखादीनं हात वर केला की मी खडू शोधायला लागायचे, कारण तिचं बरोबर निघालं तर माझं काय? मग मी घरगुती युक्ती काढली. चुकांच्या प्रकारांची इंग्रजी नावं माझ्या डोक्यात टिकेनात, म्हणून त्यांना मराठी नावं दिली. आधी एक घडलं, मग दुसरं घडलं, म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं, याला ‘पाठोपाठ’. एक माणूस बघून सगळ्या गावाबद्दल बोलणं, याला ‘एकावरून गाव’. समोरच्याचं म्हणणं सोडून त्याच्या स्वभावावर घसरणं, याला ‘माणूस धरला, मुद्दा सोडला’. लागणारी गोष्ट आणि पुरणारी गोष्ट यांची गल्लत सगळ्यात अवघड. तिला मी ‘पानाची चूक’ म्हणते. विडीला पान लागतंच, पण घरात पान आहे म्हणून विडी होत नाही, आत तंबाखू लागते. निपाणीकडची पोरं हे ऐकलं की लगेच हसतात आणि मग कधी विसरत नाहीत.

विडीचं उदाहरण मला सुचलं, कारण माझी थोरली बहीण सुमती, आमची आक्का, निपाणीत दिली आहे. दाजींची तंबाखूची वखार आहे. लग्न झाल्यापासून आक्का सीझनभर वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसणार, कामावरच्या बायकांवर नजर ठेवणार आणि त्यांच्याशी गप्पाही मारणार. मी शिकत होते तेव्हा रोज संध्याकाळी तिला फोन करून उतारे मराठीत सांगायचे. तिच्याकडून काही उत्तरं नको असायची, सांगताना माझंच पाठ व्हायचं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “एवढं वाकडं बोलायला त्या लोकांस्नी पगार देत्यात व्हय गं?”

या धंद्यात माणसं बघायला मिळतात. एका मुलाचे वडील दर आठवड्याला क्लासात यायचे. त्यांचा थोरला मुलगा रोज भिजवलेले बदाम खायचा आणि मेडिकलला लागला, म्हणून धाकट्यालाही बदाम चालू केले होते. आम्ही त्यांच्या मुलाला वर ‘पाठोपाठ’ शिकवत होतो आणि खाली ते मला बदाम कुठल्या दुकानात ताजे मिळतात ते सांगत होते. मी मान डोलावली. घरी जाताना त्याच दुकानातून बदाम घेतलेही.

एक नियम मात्र मी पहिल्याच महिन्यात केला. सीमावादातली उदाहरणं वर्गात आणायची नाहीत. निम्मी मुलं घरात मराठी बोलणारी, निम्मी कन्नड. एकदा एका पोरानं कुठल्यातरी पाटीवरून चाललेल्या वादातलं एक वाक्य आणलं आणि विचारलं, “टीचर, ह्यात कुठली चूक?” चूक होती. तितकीच ठळक चूक समोरच्या बाजूच्या वाक्यातही होती. पण वर्गात अशी शांतता पसरली की मला जिन्यावर पावलं ऐकू यायला लागली. खाली कुणी गोळा होतंय का, हे बघायला मी खिडकीशी गेले आणि खिडकी लावूनच परत आले. जिन्यावर चहावाला होता. तरी त्या दिवसापासून आमच्या वर्गात फक्त रस्ते, दुकानं आणि विडीची पानं.

सगळ्यात शेवटी एक नियम शिकवायचा असतो आणि तो मुलांना पटता पटत नाही. युक्तिवाद चुकीचा आहे म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. माणूस भलत्याच वाटेनं जाऊन योग्य घरी पोचू शकतो. आपण फक्त वाट चुकली एवढं म्हणायचं, घराबद्दल बोलायचं नाही. मी हा नियम फळ्यावर लिहून खाली रेघ ओढायचे आणि पुढे जायचे. तो स्वतःला लावायची वेळ आली नव्हती तोवर तो मला सोपा वाटायचा.

निपाणीत सीझनला सगळेच खोकतात. तंबाखूच्या धुळीचा खकाणा हवेतच असतो. बाहेरचा माणूस स्टँडवर उतरला की आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. तिथल्या लोकांना त्याची इतकी सवय की कुणी ठसकलं तरी बोलणं थांबत नाही. आक्का खोकायची, दाजी खोकायचे, कामावरच्या बायका खोकायच्या. मीही तिथे चार दिवस राहिले तर खोकायला लागायचे. म्हणून आक्काच्या खोकल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

मग एका चातुर्मासात बेळगावच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, महाराजांची प्रवचनं होती आणि ती ऐकायला आक्का माझ्याकडे राहायला आली. पाऊस लागून राहिलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. त्यांची वखार पावसाळ्यात बंद असते, म्हणजे वखारीत पाऊल टाकून तिला बरेच दिवस झालेले. प्रवचन सुरू झालं, सगळी सभा गप्प झाली आणि माझ्या शेजारी आक्का खोकली. पदर तोंडावर धरून दाबून खोकली. थोड्या वेळानं पुन्हा खोकली.

महाराज काय सांगत होते ते मला त्यानंतर ऐकू आलं नाही. डोक्यात क्लासातला फळा उभा राहिला होता. कारण नाही, तरी परिणाम आहे. तंबाखू निपाणीत राहिली आणि खोकला इथे आला. मग हा खोकला कशाचा?

घरी आल्यावर मी विषय काढला. ती चपाती लाटत होती. आमच्यात सूर्यास्ताच्या आत जेवायचं, त्यामुळे तिला घाई.

“आक्का, हा खोकला कधीपास्नं हाय?”

“कुठला खोकला?”

“आत्ता बस्तीत खोकत हुतीस तो.”

“तंबाखूचा गं. तुला काय ठावं न्हाई व्हय?”

“पण इथं तंबाखू कुठं हाय?”

तिनं लाटणं थांबवलं नाही. “तू क्लासात ऱ्हाऊन लई शाणी झालीस,” म्हणाली आणि पुढची चपाती तव्यावर टाकली.

ती परत गेल्यावर मला चैन पडेना. रविवारी बस धरून निपाणीला गेले. दाजी बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत बसले होते. भला माणूस, मला धाकट्या बहिणीसारखं वागवणारा. मी सांगायला सुरुवात केली तसे ते हसायलाच लागले.

“अगं, निपाणीत खोकत न्हाई असा माणूस दाखव मला.”

“पण दाजी, वखार बंद हाय.”

“बंद असली म्हणून काय झालं, पोत्यात माल हाय की.”

“ती बेळगावात आलती तवाबी खोकत हुती.”

“जलमभर छातीत बसल्याला खकाणा आठ दिसांत निघतोय व्हय? आणि तुमची आईबी अशीच खोकत हुती. ऐंशी वर्सं जगली का न्हाई?”

त्यांच्याकडे प्रत्येक शंकेला तंबाखू हेच उत्तर होतं. वखार चालू असली तरी तंबाखू, बंद असली तरी तंबाखू, निपाणीत तंबाखू, बेळगावातही तंबाखू. काहीही घडलं तरी जे कारण खोटं ठरूच शकत नाही, त्या कारणाची मला तेव्हापासून दहशत बसली आहे. आणि आईचं म्हणाल तर ते एकावरून गाव होतं. पण ती एक माझीच आई होती, त्यामुळे मला ते पटावंसं फार वाटलं.

आक्का आतून चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“तू लहानपणापास्नं भित्रीच,” ती म्हणाली. “वीज कडाडली की माझ्या पदराखाली शिरत हुतीस. तुझं ऐकाय लागलो तर रोज दवाखाना.”

“आक्का, हे माणूस धरला, मुद्दा सोडला.”

ती खदखदून हसली. हसता हसता ठसका लागला आणि तो थांबेना. दाजींनी पेपर खाली ठेवला. खोकून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि मला चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मला तिचंच म्हणणं टोचत राहिलं. मी भित्री आहे हे तर खरंच. मी भित्री आहे म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही, हे मी वर्गात कुणालाही समजावून सांगितलं असतं. पण मला भीती वाटते म्हणून ते खरंही ठरत नाही. संकेश्वर आलं, गेलं, मी दोन्ही वाक्यं उलटसुलट करत बसले होते. शेजारची बाई मला विचारायला लागली, बरं वाटत नाही का म्हणून.

शेवटी मी युक्तिवाद सोडला आणि थाप मारली. आठवडाभरानं आक्काला फोन केला. “आक्का, मला जिना चढताना दम लागतोय. डॉक्टरकडं जायचं हाय, एकटीला भ्या वाटतंय.”

“मी येतो की उद्या,” ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या पाठोपाठ ती दारात उभी होती. हातात डबा, त्यात माझ्यासाठी शेंगदाण्याच्या पोळ्या.

डॉक्टरीणबाई वयानं तरुण, बोलायला शांत. मी तपासून घ्यायला टेबलावर आडवी झाले. आक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझ्याबद्दल तक्रारी सांगत होती. ही नीट जेवत नाही, ही उगीच काळजी करते, हिला समजावून सांगा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीला नळी लावली आणि मोठा श्वास घ्या म्हणाल्या. मी श्वास घेतला. तेवढ्यात आक्का खोकली. डॉक्टरीणबाईंचा हात माझ्या पाठीवर तसाच थांबला. आक्का परत खोकली. त्यांनी कानातली नळी काढली आणि वळल्या.

“तुमचं ठीक आहे,” त्या मला म्हणाल्या. मग आक्काकडे बघून, “यांना कधीपासून आहे?”

“तंबाखूचा हाय तो,” आक्का म्हणाली.

“असेल. एक फोटो काढून घेऊ या.”

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मला तिच्या नजरेला नजर देता येईना. “मला फसवून आणलीस व्हय गं?” ती हळूच म्हणाली आणि चपला घालून एक्स-रेच्या खोलीकडे निघाली.

फोटोत डाग निघाला. मग मोठ्या मशीनमधला फोटो. मग सुईनं आतला तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टची वाट बघा म्हणून सांगितलं. त्या दिवसांइतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत मला कळलं की या कामानं माझ्याकडून काय काढून घेतलं आहे.

शेजारणी आल्या. एक म्हणाली, आमच्या चुलत सासऱ्यांनाही असाच डाग होता, काही निघालं नाही. माझ्या डोक्यात लगेच शिक्का बसला, एकावरून गाव. दाजी फोनवर म्हणाले, वाईट असतं तर डॉक्टरनी तेव्हाच सांगितलं असतं. शिक्का. मंजुनाथ सर म्हणाले, “टीचर, तुम्ही दोघी कुणाचं वाईट केला न्हाई, तुम्हाला काय हुत न्हाई.” सर खुद्द! त्यांच्याच शिकवणीतला शिक्का त्यांच्यावर मारताना मला रडू आलं. आक्का स्वतः म्हणायची, “मला दुखत न्हाई. मग काय असतंय?” सगळे जण प्रेमानं माझ्याकडे काहीतरी घेऊन येत होते आणि मी दारातच ते तपासून परत पाठवत होते. माझी भीती हाही एक युक्तिवादच होता, तोही लंगडा. पण तो तसाच लंगडत माझ्याबरोबर भाजीला यायचा, बँकेत यायचा, देवापुढे हात जोडले की शेजारी उभा राहायचा.

क्लास चालू ठेवला होता, घरी बसणं त्याहून वाईट होतं. त्याच आठवड्यात वर्गात तो शेवटचा नियम आला. मी फळ्यावर लिहिलं, रेघ ओढली. चिकोडीची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची, शंका विचारल्याशिवाय तिला घास जात नसे.

“टीचर, म्हणजे एखाद्यानं सगळी कारणं चुकीची दिली, तरी तो म्हणतो ते खरं निघू शकतं?”

“निघू शकतं.”

“मग आपण त्याला चूक म्हणून काय मिळवलं?”

मी फळा पुसायला घेतला. पण मी तिचं पहिलं वाक्य धरून ठेवलं. सगळ्यांची कारणं चुकीची आहेत. सगळे एकावरून गाव सांगताहेत. तरी सगळ्यांचं खरं निघू शकतं. रिपोर्टच्या दिवसापर्यंत मी त्या एका नियमाच्या आधारानं जेवले आणि झोपले.

रिपोर्ट वाईट निघाला. डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर हा शब्द एकदाच वापरला आणि लगेच पुढचं सांगायला घेतलं. लवकर सापडलंय, ऑपरेशन करता येईल. मी ते ‘लवकर’ मुठीत घट्ट धरलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की लवकर सापडलं म्हणजे बरं होणार, असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. मधली फळी मीच टाकली होती.

दाजी खुर्चीवर बसून होते. आक्का आत रक्त द्यायला गेली तेव्हा ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “मी तंबाखूच म्हणत हुतो की हो.” त्यांचा आवाज फुटला होता. “पहिल्यापास्नं मी तंबाखूच म्हणत हुतो.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका माणसाच्या बाबतीत तंबाखूमुळेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही. दाजींना ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. त्यांच्या बोलण्यातल्या कुठल्याच चुकीचं नाव मला तेव्हा आठवलं नाही.

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे उपचार झाले. केस गेले, परत आले, आले ते कुरळे आले म्हणून आक्कानं बरीच मिजास केली. आता ती निपाणीत घरी असते. वखारीच्या दारातली खुर्ची आत हलवली आहे, बायका खिडकीतून बोलून जातात. आता दर काही महिन्यांनी बेळगावला येऊन मशीनमध्ये फोटो काढायचा असतो, परत काही उगवलंय का ते बघायला. मधले महिने बरे जातात. तारीख जवळ आली की माझी झोप जाते. आक्काला कधी काही होत नाही. ती माझ्याकडे रात्रभर घोरते, सकाळी आवरून पुढे चालायला लागते आणि मी मागून फाईल सांभाळत.

कामाचं म्हणाल तर क्लास अजून चालू आहे. आमची बरीच मुलं वकिलीला लागली, त्यांचे फोन येतात, बरं वाटतं. ‘पानाची चूक’ हे नाव आता शेजारच्या क्लासातही वापरतात असं कानावर आलं. पण घरात माझ्यासमोर बोलायला लोक जरा बिचकतात. परवा सून म्हणाली, “आई, तुमच्याजवळ देवाला नवस बोलले असंही सांगायची भीती वाटते.” मी तिला काही बोलले नव्हते. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. त्याचं मला वाईट वाटतं.

गेल्या खेपेला तारखेला गेलो तेव्हा गर्दी होती. आम्ही मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. माझं नेहमीचं चाललं होतं, फाईल उघडायची, कागद मोजल्यासारखं करायचं, बंद करायची. आक्का त्या दिवशी बोलत नव्हती. मला वाटलं, उपाशीपोटी आहे म्हणून असेल. मग तिनं माझं मनगट धरलं.

“भ्या वाटतंय गं,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. साठ वर्षांच्या ओळखीत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आजवर भीती माझ्याकडे आणि पदर तिच्याकडे, अशी आमची वाटणी होती. आता काय करायचं असतं ते मला माहीतच नव्हतं. बाकावर डोळे मिटून ओरडावंसं वाटलं.

समोरून हिरव्या साडीतली एक म्हातारी मशीनच्या खोलीतून बाहेर आली. मुलाला काहीतरी सांगत, हसत निघाली होती.

“ती बघ,” मी म्हणाले. “ती आत गेली, हसत भाईर आली. म्हंजे तूबी हसत येणार.”

आक्कानं त्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हे चुकतंय न्हवं?”

खोटं बोलणं जमेना. “चुकतंय,” मी म्हणाले.

तिनं माझं मनगट सोडलं नाही.

“असूं दे. आणि एक सांग.”

मी सांगितलं. आज शुक्रवार आहे, आपलं चांगलं ते शुक्रवारीच होत आलंय, माझी नोकरीसुद्धा शुक्रवारची. “आणि?” तिनं विचारलं. या खेपेला तुझं वजन वाढलंय, आजारी माणसाचं वाढतंय व्हय? “आणि?” आज रिक्षावाल्यानं न मागता सुटे दिले. मशीनवरचा पोरगा तुझ्याकडं बघून हसला. आत काय वाईट असतं तर सकाळी तुला एवढी भूक लागली असती का? एकामागून एक सांगत गेले, छाती पुढे काढून, फळ्यासमोर उभी राहून सांगावं तसं. प्रत्येकाचं नाव मला ठाऊक होतं आणि ते मी गिळत होते. शेजारी बसलेला एक माणूस आमच्याकडे वळून ऐकायला लागला होता.

आतून नाव पुकारलं. आक्का उठली, पदर नीट केला, चपला बाकाखाली सरकवल्या. दारापर्यंत गेली आणि वळली.

“ऱ्हायल्यालं भाईर आल्यावर सांग,” ती म्हणाली.